'रोजची भाकर' की 'उद्याची भाकर'? प्रभूच्या प्रार्थनेतला एक ग्रीक शब्द

पाणंद (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांकडून प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, पाठ करून घेत होते. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीवर नऊ वर्षांची एक मुलगी अडली. म्हणाली, "टीचर, रोजची म्हटलं की त्यात आजची आलीच ना? मग परत 'आज' कशाला?"

मी वेळ मारून नेली. 'देवाकडे काकुळतीने मागतो ना आपण, म्हणून' असं काहीतरी बोलले. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. तीस वर्षं मी ही ओळ म्हणते आहे आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ग्रीक दोन वर्षं शिकले आहे, तेव्हा घरी येऊन मूळ ओळ काढली. नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, मत्तय ६:११. 'तोन आर्तोन हेमोन तोन एपिउसिओन दोस हेमिन सेमेरोन.' आर्तोन म्हणजे भाकर, हेमोन म्हणजे आमची, दोस हेमिन म्हणजे आम्हांला दे, सेमेरोन म्हणजे आज. उरला 'एपिउसिओन'. मूळ रूप 'एपिउसिओस'. आपण 'रोजची' म्हणतो ते याच शब्दासाठी.

गंमत अशी की 'रोजचा' म्हणायला ग्रीकमध्ये साधे, सर्रास वापरातले शब्द होते. 'काथेमेरिनोस' होता. याकोबाच्या पत्रात (२:१५) रोजच्या अन्नासाठी 'एफेमेरोस' आलाय. प्रार्थनेत यातला एकही नाही. तिथे असा शब्द आहे, जो प्रभूच्या प्रार्थनेबाहेर जुन्या ग्रीकमध्ये खात्रीने कुठेच सापडत नाही. मत्तयात एकदा, लूकात (११:३) एकदा, आणि 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ही प्रार्थना दिली आहे, तिथे एकदा. संपलं. नंतर जिथे जिथे येतो तिथे या प्रार्थनेची चर्चाच चालू असते.

आणि हे कोडं आजच्या अभ्यासकांनी काढलेलं नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेन, ज्याची स्वतःची भाषा ग्रीक, त्याने प्रार्थनेवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की हा शब्द विद्वान वापरत नाहीत, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा.

मग अर्थ लावायचा कसा? शब्द फोडून. फोड मुख्यतः तीन तऱ्हांनी होते. एक, 'एपि' अधिक 'उसिया'. उसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. म्हणजे जगण्यासाठी लागणारी भाकर, किंवा सत्त्वाच्याही पलीकडची भाकर. दुसरी, 'असणे' या क्रियापदावरून, चालू दिवसाची. तिसरी, 'एपिएनाय' म्हणजे येऊन ठेपणे, या क्रियापदावरून. 'हे एपिउसा' म्हणजे येणारा दिवस. ही तिसरी मला सर्वांत जवळची वाटते, कारण 'एपिउसा' हा शब्द नव्या करारातच जिवंत आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये पौल त्रोवसाहून निघतो आणि 'दुसऱ्या दिवशी' नियापुलीस पोचतो, तो दुसरा दिवस म्हणजे 'एपिउसा'.

म्हणजे ओळ अशी होते: आमची येत्या दिवसाची भाकर आज आम्हांला दे. त्या मुलीचा प्रश्न मग उरतच नाही. 'आज'ला काम मिळतं.

पण इतकी सोपी गोष्ट असती तर अठराशे वर्षं लोक वाद घालत बसले नसते. इथे भाषेची जाण असलेले बरेच जण आहेत, कॅथलिक मंडळीही आहेत. तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

व्यंजन

फार सुंदर धागा. बायबलातलं मला काही कळत नाही, ग्रीक व्याकरण थोडं कळतं, तेवढ्यापुरतं लिहितो.

पहिल्या फोडीत संधीची अडचण आहे. आपल्याकडे प्रति + उत्तर = प्रत्युत्तर होतं, दोन स्वर शेजारी आले की काहीतरी घडतंच. ग्रीकमध्ये 'एपि'च्या पुढे स्वर आला की त्याचा 'इ' सहसा गळतो. एपि + उसिया यातून 'एपउसिओस' अशा धाटणीचा शब्द व्हायला हवा, मधला 'इ' नको. आणि तसा शब्द खरोखर आहे. तत्त्वज्ञांच्या ग्रीकमध्ये 'एपउसिओदेस' येतो, वस्तूच्या सत्त्वाला वरून चिकटलेला, आगंतुक, अशा अर्थी. तिथे 'इ' गेलेला आहे. याउलट 'एपिएनाय'मध्ये धातूचाच 'इ' आहे, म्हणून 'एपिउसा'मध्ये तो टिकतो. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या फोडीत संधीचा प्रश्नच येत नाही.

पण याला शेवटचा शब्द समजू नका. 'इ' टिकलेले शब्दही ग्रीकमध्ये आहेत. खोटी शपथ घेणारा तो 'एपिओर्कोस', त्यात 'इ' तसाच आहे. शिवाय नवा शब्द घडवणारा माणूस व्याकरणाचं पुस्तक उघडून बसलेला नसतो. ग्रीक जुन्या करारात 'पेरिउसिओस' म्हणून शब्द आहे, निर्गम १९:५ मध्ये, देवाच्या खास स्वतःच्या लोकांसाठी. त्याच्या चालीवर कुणी 'एपिउसिओस' केला असेल तर? ओरिगेनलाही तो शब्द आठवला होता.

निर्मळतळे

मी वसईचा, कॅथलिक. हा शब्द आमच्याकडे धर्मशिक्षणात येतो, कारण कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २८३७ पूर्णच्या पूर्ण यावर आहे. तिथे अर्थाचे थर एकमेकांवर ठेवलेत. काळाच्या अंगाने 'आज'ची पुनरुक्ती, भरवसा घट्ट करणारी. गुणाच्या अंगाने जगायला आवश्यक ते सगळं. आणि शब्दशः घेतलं तर सत्त्वाच्याही वरची भाकर, म्हणजे थेट ख्रिस्तशरीर. म्हणून आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, ही प्रार्थना कम्युनियनच्या, पवित्र भाकर घेण्याच्या, आधी येते. वेदीपाशी जाण्याआधी ओठांवर भाकरीचं मागणं असतं. तुम्ही 'सत्त्वाच्या पलीकडची' एका वाक्यात उरकलीत, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

संत जेरोमची गोष्ट माहीत असेलच. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासच्या सांगण्यावरून त्याने शुभवर्तमानांचं लॅटिन सुधारलं. जुन्या लॅटिनमध्ये दोन्हीकडे 'क्वोतिदियानुम', रोजची, असं होतं. जेरोमने लूकात ते तसंच ठेवलं आणि मत्तयात 'सुपरसुब्स्तान्सियालेम' घातलं. सुपर म्हणजे एपि, सुब्स्तान्सिया म्हणजे उसिया. शब्दाला शब्द. मूळ शब्द दोन्हीकडे एकच, भाषांतरकारही एकच, आणि भाषांतरं दोन!

लोकांच्या तोंडी मात्र रोजचीच राहिली. बाराव्या शतकात आबेलार या फ्रेंच तत्त्वज्ञाने एलोइजच्या मठातल्या सिस्टरांना मत्तयाप्रमाणे 'सुपरसुब्स्तान्सियालेम' म्हणायला लावलं, तेव्हा क्लेर्व्हो मठाचा प्रमुख संत बर्नार्ड याला ते खटकलं. आबेलारने त्याला लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. एका विशेषणावरून एवढे मोठे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, कारण ते विशेषण रोज म्हटलं जात होतं.

पाणंद

@निर्मळतळे, तुमचा आक्षेप मान्य. ती बाजू मी घाईने उरकली. आमच्याकडे प्रॉटेस्टंट घरांत ओळ ऐकली की ताटातली भाकर दिसते, वेदीवरची दिसत नाही. तो माझ्या कानाचा दोष.

जेरोमचं आणखी एक. मत्तयावर भाष्य लिहिताना तो सांगतो की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात, जे आता हरवलं आहे, त्याला या जागी 'माखार' हा शब्द सापडला. म्हणजे उद्याची. स्वतः वेगळं भाषांतर करूनही त्याने ही नोंद आपल्यासाठी ठेवली, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

@व्यंजन, 'एपउसिओदेस' मला ठाऊक नव्हता. हा मोठाच पुरावा दिलात.

कंदील

मला 'उद्याची' पटत नाही. कारणं मांडतो.

ज्याने ही प्रार्थना शिकवली तोच त्याच अध्यायात, ६:३४ ला, उद्याची चिंता करू नका म्हणतो. अकराव्या ओवीत उद्याची भाकर मागायला सांगणार आणि चौतिसाव्यात उद्याचं नाव काढू नका म्हणणार?

दुसरं, मान्ना. निर्गम १६ मध्ये रानात इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळतं ते त्या दिवसापुरतं. ज्यांनी उद्यासाठी ठेवलं त्यांच्या मान्नाला किडे पडले आणि घाण सुटली. ऐकणाऱ्या प्रत्येक यहुद्याच्या मनात भाकर आणि देव म्हटलं की हीच गोष्ट येणार. तिचा धडा आजचं आज, एवढाच आहे.

तिसरं, चौथ्या शतकातला मोठा प्रवचनकार ख्रिसोस्तोम. त्याची भाषाही ग्रीक, प्रवचनं ग्रीक लोकांसमोर. मत्तयावरच्या प्रवचनात तो स्वतःच विचारतो, एपिउसिओस म्हणजे काय? आणि उत्तर देतो, एका दिवसाची. निस्साच्या ग्रेगरीचंही म्हणणं त्याच दिशेचं, दिवसाच्या गरजेपुरती. चर्चचे हे जुने, ग्रीक बोलणारे आचार्य असं सांगत असताना आपण दुसरा अर्थ का शोधायचा?

पाणंद

@कंदील, तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे. सविस्तर लिहिते.

ख्रिसोस्तोमचं वजन मी कमी करत नाही. पण ओरिगेन त्याच्या दीडशे वर्षं आधीचा, तोही ग्रीकच, आणि तो म्हणतो की शब्द कुणाच्या बोलण्यात नाही. म्हणजे ख्रिसोस्तोमही आपल्यासारखाच अर्थ लावत होता, आईच्या तोंडून ऐकलेला सांगत नव्हता.

मान्नाचं म्हणाल तर त्याच अध्यायात सहावा दिवसही आहे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळालं, आणि ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं किडलं नाही. मोशे म्हणतो, उद्या विसावा आहे, आजच भाजा, शिजवा, उरलेलं सकाळपर्यंत ठेवा. त्या गोष्टीत उद्याची भाकर आज मिळते, आणि ती देवाच्या सांगण्यावरूनच मिळते.

आता चिंतेबद्दल. इथे मला घरचं सांगावं लागेल.

आम्ही नगर जिल्ह्यातले. आजोबा दुसऱ्यांच्या रानात रोजंदारीवर जायचे. मजुरी दिवस मावळताना हातावर पडायची. ते पैसे घेऊन आजी दुकानात जायची, ज्वारी आणायची, रात्री दळायची. पहाटे भाकरी थापल्या जायच्या, त्या बांधून आजोबा परत कामाला. म्हणजे आज खाल्लेली भाकर काल संध्याकाळच्या मजुरीची असायची. ज्या संध्याकाळी मालक म्हणायचा 'उद्या ये, उद्या देतो', त्या रात्री जेवण झालेलं असलं तरी घरात कुणाला झोप नसायची. आपण 'उद्याची भ्रांत' म्हणतो ना, ती हीच. हातावर पोट असलेल्याला साठ्याची हाव नसते, पुढच्या वर्षाचा विचार त्याच्या ऐपतीत बसतच नाही. पण उद्या सकाळच्या भाकरीचं पीठ आज रात्री घरात आहे की नाही, एवढं त्याला बघावंच लागतं.

पहिल्या शतकातल्या गालीलात असे मजूर किती असतील, ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या दाखल्यावरून दिसतं. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन माणसं ठरवतो, दिवसाला एक दिनार, आणि संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, मजुरी देऊन टाक. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (२४:१५) तर नियमच आहे: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. संध्याकाळची मजुरी कशासाठी? येत्या दिवसाच्या भाकरीसाठी.

म्हणून ११ आणि ३४ मध्ये मला विरोध दिसत नाही. उद्याची भाकर आज देवाच्या हवाली केली, की चिंता करू नका हे वाक्य माणसाला पेलतं. रिकाम्या डब्यासमोर ते वाक्य नुसतं म्हणायचं झालं तर फार कठीण आहे.

आणखी एक बारकावा. 'एपिउसा' म्हणजे येऊन ठेपलेला दिवस. पहाटे प्रार्थना केली तर तो आत्ता उगवणारा दिवस, संध्याकाळी केली तर उद्या. इंग्लंडचे बिशप लाइटफूट यांनी एकोणिसाव्या शतकात हा मुद्दा मांडला होता. तो धरला तर तुमच्या आणि माझ्या वाचनात उरतं ते एका रात्रीचं अंतर.

उंबरठा

इजिप्तच्या पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहिते.

फ्लिंडर्स पेट्रीने हवारा इथे उत्खनन केलं, त्यात जुने ग्रीक पपायरस निघाले. सेस या विद्वानाने त्यांचं वाचन १८८९ मध्ये छापलं. त्यात एक घरखर्चाची यादी होती. चणे वगैरे जिन्नस, समोर रक्कम. आपल्या किराणा चिठ्ठीसारखीच. आणि त्यात सेसने वाचलं 'एपिउसि...', पुढचं तुटलेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रायसिग्के या अभ्यासकाने आपल्या पपायरस-लेखांच्या संग्रहात ते घेतलं, आणि लोकांना हर्ष झाला. ओरिगेन चुकला! शब्द बाजारातला आहे, रोजच्या शिध्याला एपिउसिओस म्हणत असत. शब्दकोशांतून ही नोंद फिरू लागली. अडचण एकच होती, मूळ कागद हरवला होता. सेसचं वाचन बरोबर की चूक, ताडून बघायला काही नव्हतं.

१९९८ मध्ये तो तुकडा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सापडला. नायमन आणि वोर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचला आणि १९९९ मध्ये लेख लिहिला. तिथे 'एपिउसि' नव्हतंच. 'एलायऊ' होतं. म्हणजे तेल!

किराणा यादीत तेल असणारच. कित्येक दशकं एका तेलाच्या नोंदीवर लोकांनी प्रार्थनेचा अर्थ टेकवला होता. ओरिगेनचं म्हणणं पुन्हा जागच्या जागी आलं. पाणंद यांनी 'खात्रीने कुठेच सापडत नाही' असं मोजून लिहिलंय, ते याचमुळे असावं.

पाणंद

हो, त्याचमुळे. पण तुम्ही जसं सांगितलंत तसं मला जमलं नसतं.

सांजवारा

वाचनमात्र होतो, एक विचारतो. येशू ग्रीक बोलत नव्हता, अरामी बोलायचा. मग अरामी किंवा तिच्या जवळच्या भाषेत काय आहे? भांडण तिथेच मिटेल की.

पाणंद

@सांजवारा, मिटत नाही, वाढतं. अरामीची बहीण म्हणजे सीरियाक. तिथली शुभवर्तमानंही ग्रीकवरूनच भाषांतरित झालेली. जुन्या सीरियाकमध्ये 'अमीना' आहे, म्हणजे सततची, न खंडणारी. नंतरच्या पेशित्ता या सीरियाक बायबलात 'आमच्या गरजेची'. आणि इजिप्तच्या कॉप्टिकमध्ये, बोहाइरिक बोलीत, उद्याची. तीन शेजारी, तीन उत्तरं. मात्र यातलं कुणीही शब्द गाळून पुढे गेलं नाही. प्रत्येकाने कसलीतरी भाकर निवडलीच.

स्लाव लोकांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी शब्दाची दोन्ही अंगं जशीच्या तशी उचलली, एपिच्या जागी 'ना', उसियाच्या जागी 'सुश्च'. त्यातून रशियनमधला 'नासुश्नी' आला. आज रशियनमध्ये 'ख्लेब नासुश्नी' म्हणजे जगायला अत्यावश्यक असं काहीही.

माडाचीसावली

गोव्याहून. आमच्या आजीच्या पिढीला प्रार्थना पोर्तुगीजमध्येही येत असे. तिथे 'पांव नोस्सु द काद दीय', आमचा प्रत्येक दिवसाचा पाव. आपला पाव शब्द त्याच 'पांव'वरून आला. त्यामुळे लहानपणी मला खरंच वाटायचं की पहाटे सायकलवर भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हाच या प्रार्थनेचं उत्तर. आज विचार केला तर ते वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं.

मराठीत 'भाकर' घेतली ते मला फार योग्य वाटतं. 'अन्न' म्हटलं की अर्थ रुंदावतो, पण हातात काही येत नाही.

पाणंद

@माडाचीसावली, अगदी. आणि योहान ६:९ मध्ये त्या मुलाजवळ पाच भाकरी असतात त्या जवाच्या. जव म्हणजे गरिबाचं धान्य, गव्हाहून हलकं. आमच्याकडे ज्वारी-बाजरीची भाकर जशी. 'भाकर' निवडणाऱ्यांचे कान जमिनीला लागलेले होते.

कंदील

मजुरीच्या मुद्द्यावर विचार केला. मत्तयापुरतं तुमचं म्हणणं मानतो. पण लूक बघा. मत्तयात 'दोस', एकदाच दे. लूकात 'दिदू', देत राहा. आणि 'आज'च्या जागी लूक लिहितो 'तो काथ हेमेरान', दिवसागणिक. 'येत्या दिवसाची भाकर दिवसागणिक देत राहा' हे लूकात बसतं का? मला ते ओढून ताणून वाटतं. लूकात 'गरजेपुरती' जास्त सरळ बसतं. नीतिसूत्रे ३०:८ मध्येही तेच मागणं आहे: दारिद्र्य नको, श्रीमंती नको, माझ्या वाट्याचं अन्न मला दे.

पाणंद

हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे तोड नाही. लूकात माझं वाचन अडखळतं. अशक्य नाही, रोज संध्याकाळी पुढच्या दिवसाचं दे असं म्हणता येतं, पण वाक्य सहज राहत नाही. मत्तयात मी 'येत्या दिवसाची' धरून राहते. लूकात 'वाट्याची, पुरेशी' हा अर्थ तुमचा. जेरोमने दोन ठिकाणी दोन शब्द का वापरले असतील याचा थोडासा अंदाज आज आला.

दूरदेशी

मेलबर्नमध्ये राहते. इथे ग्रीक वस्ती मोठी आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई ग्रीक आहे. हा धागा वाचून तिला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, एपिउसिओस म्हणजे काय? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, त्यात काय, सगळ्यांना माहीत असतं. 'वगाझो तोन एपिउसिओ', म्हणजे मी माझ्या पोटापुरतं कमावते. तिचे वडील इथे आले तेव्हा कारखान्यात काम करायचे, आणि कुणी कसं चाललंय विचारलं की हेच म्हणायचे. चर्चमध्ये ते लोक मूळ ग्रीक ओळच म्हणतात, त्यामुळे शब्द तिथून घरात आला आणि घरचाच झाला. ओरिगेनच्या काळी कुणी बोलत नसे असं तिला सांगितलं तर ती विश्वासच ठेवेना.

पाणंद

@दूरदेशी, हे वाचून डोळे भरून आले. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

रविवारी शब्बाथ शाळेत त्या मुलीला सांगितलं. ओळ बदलली नाही, पाठ 'रोजची भाकर' अशीच करून घेतली. फक्त म्हटलं, यातला 'रोजची' हा शब्द मूळ भाषेत फार अवघड आहे, आणि मला वाटतं त्याचा अर्थ 'पुढच्या दिवसाची' असा असावा. घरात उद्याचं पीठ आहे हे कळलं की झोप लागते, तसं. ती ऐकून घेत राहिली. मग विचारलं, "मग ही संध्याकाळी म्हणायची का, टीचर? आम्ही सकाळी म्हणतो." मी तिला लाइटफूटचा मुद्दा नऊ वर्षांच्या मुलीला कळेल असा सांगितला. तिची आई पहाटे कामाला निघते. ती म्हणाली, आई जायच्या आधी म्हणतो आम्ही, तेव्हा अंधारच असतो.